गोरखीहून पाण्याच्या वाटेने

दिवाळी आटोपली, फराळाचे डबे निम्मे रिकामे झाले, आणि आमचा भाचा पुण्याहून चार दिवसांसाठी आजोळी आला. येताना आगगाडीच्या सामानाच्या डब्यातून त्याने आपली सायकलही आणली होती. पुण्यात दर रविवारी पहाटे उठून खडकवासल्यापर्यंत जाऊन यावयाचे, हा त्याचा परिपाठ. तो ग्वाल्हेरातही मोडू नये, अशी त्याची इच्छा होती. पहिल्याच संध्याकाळी गोरखीच्या दरवाजापाशी उभे राहून त्याने बाड्यावरील गर्दी पाहिली आणि काहीशा काळजीने विचारले, "मामा, इथे सायकल चालवायला शांत रस्ता कोणता?"

आम्ही म्हणालो, "रस्ते पुष्कळ आहेत. शांत मात्र एकही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर बाटली भरता भरता त्याने दुसरा प्रश्न टाकला. "हे पाणी येतं कुठून?"

"तिघऱ्याहून."

"तिघरा म्हणजे कुठे? कुठल्या नदीचं पाणी? वाटेत चढ किती?"

या तिन्ही प्रश्नांपैकी एकाचेही नीट उत्तर आम्हांस देता आले नाही. तिघऱ्यास आम्ही दोन-तीन वेळा गेलो होतो. पण ते श्रावणात, मोटारीत बसून, भजी आणि भुट्टे खाण्यासाठी. मोटारीत बसलेल्या माणसास चढ समजत नाही आणि नदी पुलाच्या कठड्याएवढीच दिसते. ज्या गावात पाच पिढ्या गेल्या, त्या गावचे पाणी कोठून येते हे पाहुण्याने विचारावे आणि आम्ही गप्प बसावे, याची आम्हांस मनापासून लाज वाटली. वीस वर्षे जिन्याखाली पडून असलेली आमची काळी सायकल त्याच दिवशी मिस्त्रीकडे गेली. पुढे जे हिंडणे झाले, त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ग्वाल्हेरबाहेरील वाचकांसाठी गोरखीविषयी दोन शब्द सांगावयास हवेत. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस पडली. छावणी म्हणजे लश्कर, म्हणून गावाचे नावही लश्कर. छावणीच्या मध्यभागी शिंद्यांचा जो वाडा उभा राहिला, तो गोरखी. १८७४ साली जयविलास महाल बांधून झाला आणि राजघराणे तिकडे गेले. तथापि त्यांचे देवघर गोरखीतच राहिले. समोरच्या चौकास आजही 'बाडा' म्हणतात. तो आपलाच वाडा. केवळ हिंदीच्या तोंडी पडून 'व'चा 'ब' झालेला. चिटणीस की गोठ, बक्षी की गोठ, पाटणकर बाजार, फाळके बाजार, शिंदे की छावणी ही नावे अद्याप रोज उच्चारली जातात, आणि उच्चारणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यांत मराठी असे काही वाटतही नाही.

आता छावणीचा एक नियम असतो. तळ टाकावयाचा तर आधी पाणी पाहावयाचे. आमच्या पूर्वजांनी घोड्यावरून उतरण्यापूर्वी पहिला प्रश्न हाच विचारला असणार. लश्करातून स्वर्णरेखा वाहत होती. १८५८ च्या जूनमध्ये झाशीच्या राणीचा घोडा अडला तो याच प्रवाहाशी, असे सांगतात. आज त्या स्वर्णरेखेचे पात्र बांधून काढलेले आहे, आणि नाक दाबल्यावाचून पुलावरून जाता येत नाही. छावणीचे नगर झाले, तंबूंचे वाडे झाले, वाड्यांचे मजले झाले; फक्त पहिला प्रश्न तेवढा आम्ही विसरलो. भाच्याने तो पुन्हा विचारला.

शांत रस्ता शोधण्यास तोच प्रश्न उपयोगी पडतो, हे आम्हांस हिंडल्यावर कळले. ग्वाल्हेरातून आग्रा, झाशी, शिवपुरी व भिंड या दिशांना जे मोठे रस्ते जातात, ते माणसे व माल नेण्यासाठी आहेत. त्यांवर मालमोटारींची रांग तुटत नाही. त्यांखेरीज दुसऱ्या जातीचे रस्ते असतात. ते धरणाकडे, कालव्याच्या कडेने, एखाद्या जुन्या तळ्याकडे किंवा दोन नद्यांच्या संगमाकडे जातात. पुढे फारसे कोठे पोहोचत नसल्यामुळे त्यांवर घाईची वाहने नसतात. पाण्याकडे जाणारा रस्ता सहसा शांत असतो, एवढे सूत्र पुरे.

परदेशांतही हेच दिसते. युरोपात डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतील पासाऊपासून ऑस्ट्रियातील व्हिएन्नापर्यंत सायकलींचा जो सुप्रसिद्ध मार्ग आहे, तो बराचसा जुन्या ओढवाटांवरून जातो. पूर्वी प्रवाहाविरुद्ध नावा ओढणारे घोडे ज्या काठाने चालत, त्याच काठाने आज आबालवृद्ध सायकली चालवितात. पाणी उताराने जाते, आणि ज्या उतारावरून नदी सावकाश जाऊ शकते त्यावरून माणूसही दमल्यावाचून जाऊ शकतो. डोंगर लागलाच तर काय करावे, हे फ्रान्समधील पॉल द व्हिव्ही या गृहस्थांनी सांगून ठेविले आहे. 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिहिणारे हे गृहस्थ १९३० साली निवर्तले. हौसेच्या सायकलप्रवासाचे ते तेथील आद्य पुरस्कर्ते. त्यांच्या उपदेशाचे सार असे, की भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे, गळून जाईपर्यंत चालवू नये, आणि केवळ मिरविण्यासाठी तर पेडल मारूच नये. हा शेवटचा नियम आम्ही विशेष कसोशीने पाळला. आमच्या वयात तो पाळणे सोपे असते.

कार्तिकातील त्या रविवारी पहाटे साडेपाच वाजता आम्ही दोघे गोरखीच्या दरवाजातून निघालो. बाडा रिकामा होता. दिवसा जेथे पाय ठेवावयास जागा नसते, तेथे दोन कुत्री निवांत झोपली होती. लक्ष्मीगंज मागे टाकून गोल पहाडियाशी आलो तेव्हा पूर्वेस किल्ल्याची कड उजळू लागली होती. येथून तिघऱ्याचा रस्ता फुटतो. गोरखीपासून धरण वीस-बावीस किलोमीटर पडते. आरंभीच गुप्तेश्वर महादेवाची टेकडी लागते, आणि शहर संपल्याची खूण म्हणून गारवा अंगाला झोंबतो.

ग्वाल्हेरच्या टेकड्या उंच नाहीत. विंध्याचा वालुकाश्म उत्तरेकडे येता येता येथे संपत जातो आणि पुढे चंबळेचे सपाट, बेहडांनी चिरलेले खोरे सुरू होते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंचीवर आहे; तिघरा काठोकाठ भरला म्हणजे त्याची पाणपातळी ७४० फूट, अर्थात सुमारे २२५ मीटर असते. म्हणजे गोरखीहून धरणापर्यंत एकंदर चढ फार तर किल्ल्याच्या चतुर्थांशाएवढा. परंतु तो एकसारखा नाही. रस्ता एका टेकडीच्या खांद्यावर चढतो, पलीकडच्या ओढ्यात उतरतो, पुन्हा चढतो. आमच्या काळ्या सायकलीस गिअर नाहीत. अशा सायकलीचे पुढील चक्र बहुधा ४४ दातांचे व मागील १८ दातांचे असते, आणि पेडलाच्या एका फेरीत ती साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे प्रमाण उत्तम; पण शंभर मीटरांत चार मीटरांहून अधिक चढ आला की गुडघे तक्रार करू लागतात. अशा ठिकाणी उतरून सायकल हाती धरून चालावे. त्यात कमीपणा नाही. भाचा आपल्या एकवीस गिअरांच्या सायकलीवर पुढे जाऊन वळणावर थांबत असे.

तिसऱ्या चढावर आम्ही उतरलो तेव्हा तो म्हणाला, "मामा, आता मागे वळून बघा. आपण चढलो, म्हणजे पाऊस पडला की इथलं पाणी कुठे जाणार?"

आम्ही पाहिले. करधईच्या आणि खैराच्या झुडुपांतून एक कोरडी घळ शहराच्या बाजूस उतरत होती. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूची घळ मात्र पश्चिमेकडे चालली होती. आम्ही पाणलोटाच्या नेमक्या धारेवर उभे होतो. भूगोलाच्या पुस्तकात 'जलविभाजक' हा शब्द शाळेत असताना आम्ही घोकला होता. त्याचा अर्थ पायांना कळण्यास साठी ओलांडावी लागली. मोटारीत हे घडले नसते. ज्या बाजूने पाय जड होतात, त्या बाजूने पाणी येते. आणि ज्या बाजूस सायकल आपोआप धावते, त्या बाजूस पाणी जाते.

धरणाशी पोहोचलो तेव्हा आठ वाजले होते. उत्तरेकडून आलेल्या बदकांचे थवे पाण्यावर स्थिर बसले होते. सांक नदीवरचे हे धरण माधवराव शिंद्यांच्या कारकीर्दीत बांधले गेले. भिंतीची लांबी सुमारे १,३४० मीटर आणि उंची २४ मीटर आहे. भाच्यास आम्ही मुद्दाम एक गोष्ट सांगण्यासाठी राखून ठेविली होती. तो ज्या खडकवासल्यास दर रविवारी जातो, तेथे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना आपोआप उघडणारी व मिटणारी दारे बसविली. पाणी ठरावीक पातळीवर चढले की ती आपण होऊन उघडतात. पातळी उतरली की मिटतात. त्यांचे एकस्व त्यांनी १९०३ साली घेतले. तो प्रयोग यशस्वी झाल्यावर तशीच दारे ज्या धरणांवर बसविण्यात आली, त्यांत ग्वाल्हेरचे तिघरा आणि म्हैसूरचे कृष्णराजसागर ही दोन प्रमुख होत.

"म्हणजे मी माझ्याच धरणावर आलो!" तो हसून म्हणाला. पुणे व ग्वाल्हेर यांच्यामध्ये इतिहासाने बांधलेले पूल पुष्कळ आहेत. हा एक पाण्याचा.

पण तिघऱ्याची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. १९१७ च्या पावसाळ्यात हे धरण फुटले. भिंतीखालचा वालुकाश्म थरांचा होता. त्या थरांत पाणी झिरपले, वरून पुराचे पाणी भिंतीवरून वाहू लागले, आणि भिंतीचा मोठा भाग पायासकट सरकला. खालच्या खोऱ्यातील गावांवर लोंढा कोसळला आणि मोठी प्राणहानी झाली. पुढे धरण पुन्हा बांधले गेले, आणि तेच आज आम्हांस पाणी पाजते. ज्या दगडाच्या टेकड्यांवरून आम्ही दमत दमत आलो, तोच दगड धरणाच्या तळाशी होता. ग्वाल्हेरचा किल्ला शतकानुशतके ज्याच्या बळावर उभा राहिला, त्याच वालुकाश्माने पाण्याखाली असा दगा दिला. आमच्या घरात या दुर्घटनेचा उच्चार आम्ही कधी ऐकला नव्हता. १८५७ च्या तारखा आम्हांस पाठ आहेत, पानिपत तर आहेच. पण शेजारच्या खोऱ्यावर ओढवलेला हा प्रसंग आमच्या आठवणींत कोठेच नव्हता. तळ टाकून राहिलेला माणूस आणि घर करून राहिलेला माणूस यांत फरक असतो तो बहुधा एवढाच, की घर करणारा शेजारच्या खोऱ्याचे दुःखही आपल्या खात्यावर मांडतो.

धरणावर जेथवर जाण्यास मुभा असेल तेथवरच जावे. आम्ही काठावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तेथे भेटलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने सांगितले, की पाऊस कमी झाला तर तिघरा एकट्याने पुरा पडत नाही. तेव्हा ककेटो व पेहसारी या धरणांतील पाणी कालव्याने येथे आणतात. ककेटो पार्वती नदीवर आहे. म्हणजे गोरखीच्या नळातून कधी सांकेचे, तर कधी पार्वतीचे पाणी येते. मग त्या दोन नद्या पुढे जातात कोठे, हे पाहणे ओघानेच आले.

सांकेसाठी उत्तरेकडे जावे लागले. हा आमचा दुसरा मार्ग. शहराबाहेर पडताना भिंडच्या रस्त्यावर कारखान्यांच्या मालमोटारी असतात. म्हणून तेवढा टप्पा उजाडताच उरकावा, किंवा सायकली एखाद्या गाडीत टाकून ओलांडावा. रिठौऱ्याकडे वळले की रस्ता अरुंद होतो आणि आवाज मावळतो. दोन्ही बाजूंस मोहरीची शेते. पौषात ती पिवळी झाली म्हणजे डोळे दिपतात. मधूनच एखादी सारसांची जोडी शेतात उभी दिसते. पुढे बुटक्या टेकड्यांच्या पायथ्याशी पडावली, बटेश्वर आणि मितावली ही तीन स्थाने जवळ जवळ आहेत. बटेश्वरची आठव्या शतकापासून पुढे बांधली गेलेली सुमारे २०० लहान देवळे दगडांचा ढीग होऊन पडली होती. २००५ पासून पुरातत्त्व खात्याचे के. के. मुहम्मद यांनी त्यांतील पुष्कळशी शिळा जुळवून पुन्हा उभी केली. त्या काळी हा मुलूख दरोडेखोरांचा होता, आणि त्यांच्याच संमतीने काम सुरू करावे लागले, हे आता सर्वश्रुत आहे.

आम्हांस मात्र अधिक रमविले ते मितावलीच्या टेकडीने. माथ्यावरील चौसष्ट योगिनींचे मंदिर वर्तुळाकार आहे. तेथील शिलालेख विक्रम संवत १३८० चा, म्हणजे इसवी सन १३२३ चा. भाच्याने छताकडे बोट दाखविले. मधल्या देवळाच्या छतावरील शिळांना छिद्रे ठेवलेली असून पावसाचे पाणी त्यांतून खाली उतरते आणि भूगर्भातील टाक्यात साठविले जाते. टेकडीवर नदी नाही, विहीर नाही. तेव्हा बांधणाऱ्यांनी आकाशाचेच पाणी धरून ठेविले. बटेश्वरासही देवळांच्या मधोमध कुंड आहे. या भागातील जुन्या माणसांनी देव कोठे बसवावा हे ठरविताना पाण्याचा विचार आधी केलेला दिसतो.

परतताना गावोगावच्या रस्त्यांनी विचारीत विचारीत पश्चिमेस यावे आणि नूराबादेस महामार्ग गाठावा. तेथे मोगलांच्या काळचा कमानींचा जुना पूल आहे. त्याखालची नदी कोणती, हे विचारण्याची आता आम्हांस गरज नव्हती. ती आमचीच सांक. धरणाने अडविल्यावर उरलेले पाणी घेऊन ती येथवर येते. पुलाच्या कठड्यास टेकून आम्ही मोरेन्याची गजक खाल्ली. तीळ आणि गूळ! नाव निराळे असले तरी हा आपला तिळगूळच. महामार्गावर सायकल चालविण्याचा हट्ट आम्ही धरला नाही. तेथून लहान मालगाडीत सायकली चढवून घरी आलो.

पार्वतीसाठी दक्षिणेस जावयाचे. हा तिसरा मार्ग, आणि आमच्या मते सर्वांत रम्य. ग्वाल्हेरहून झाशीच्या बाजूस डबऱ्यापर्यंत आगगाडीने जावे, सायकल सामान म्हणून नोंदवावी, आणि तेथून पश्चिमेस भितरवारच्या दिशेने निघावे. कालव्यांमुळे हा भाग हिरवागार आहे. भाताची खाचरे पाहून आपण कोकणाच्या वरकड भागात आलो की काय, असे क्षणभर वाटते. पार्वती जेथे सिंध नदीस मिळते तेथे पवाया हे खेडे आहे. ही सिंध पंजाबातील सिंधू नव्हे. ही विदिशेच्या बाजूस उगम पावून यमुनेस मिळते.

पवाया म्हणजे प्राचीन पद्मावती, नागराजांची राजधानी. भवभूतीच्या 'मालतीमाधव' नाटकाची कथा याच नगरात घडते, आणि नाटकात या नद्यांचे वर्णन आहे. कनिंगहॅमसाहेबांस पद्मावती नरवर येथे असावी असे वाटले होते. ती पवाया येथेच होती, हे दाखवून देण्याचे आणि तेथे उत्खनन करण्याचे श्रेय ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख एम. बी. गर्दे यांस आहे. १९१५-१६ च्या सुमारास त्यांनी या स्थळाविषयी लिहिले. तेथे सापडलेली माणिभद्र यक्षाची मूर्ती आज किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरीमहालात पाहावयास मिळते. नकाशावर बोट ठेवून नव्हे, तर गावोगाव हिंडून, नदीचे वळण आणि नाटकातील वर्णन ताडून पाहणारा हा मराठी माणूस आमच्या शहरात होऊन गेला.

संगमावर बसून आम्ही भाच्यास नाटकाची कथा सांगितली. त्याचा नायक माधव हा विदर्भातील कुंडिनपूरचा. बापाने त्यास शिकण्यासाठी इतक्या दूर पद्मावतीस धाडले आहे. भवभूती स्वतःही विदर्भाचाच, आणि तो आठव्या शतकातला. शिंद्यांच्या छावणीपूर्वी हजारांहून अधिक वर्षे आधी एका वैदर्भीय कवीस असे सुचले, की आपल्याकडचा मुलगा विद्येसाठी या नद्यांच्या काठी येतो. "आणि आता आम्ही इथून पुण्याला जातो," भाचा म्हणाला. त्याच्या आईनेही ग्वाल्हेर सोडले ते शिक्षणासाठीच. आमच्या आळीतील निम्म्या घरांची हीच कथा आहे. पुणे, बंगलोर आणि त्याहीपलीकडे मुले गेली; घरांतून वृद्ध आणि कुलुपे राहिली. त्याबद्दल रडत बसण्यात अर्थ नाही. जाणारे जातील, पण जाण्यापूर्वी त्यांना आपल्या गावचे पाणी कोणत्या वाटेने येते तेवढे तरी दाखवून ठेवावे, असे आम्हांस त्या संगमावर फार वाटले.

ज्यांस या मार्गांनी जावेसे वाटेल त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. ऋतू आश्विनापासून फाल्गुनापर्यंतचा. चैत्र लागला की दहाच्या आत घरी यावे. वैशाख-ज्येष्ठात येथे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा बाहेर पडूच नये. पौषात धुके दाट असते. ते निवळेपर्यंत महामार्ग ओलांडू नये, मग कितीही उशीर होवो. मागे लाल व पुढे पांढरा दिवा हवाच. बाभळीचे काटे सर्वत्र असल्यामुळे एक जादा ट्यूब, पंक्चर काढण्याचे साहित्य आणि पंप बरोबर घ्यावा. खेड्यात मिस्त्री मिळतो, पण रविवारी तोही शेतावर गेलेला असतो. पाणी माणशी दोन लिटर. दशम्या, गूळ-शेंगदाणे, केळी. नदीकाठी वाळूच्या मालमोटारी दिसल्या की सरळ रस्त्याखाली उतरून उभे राहावे. घरातील मुलींनीही अवश्य जावे. तीन-चार जणींनी मिळून, घरी मार्ग सांगून जावे, एवढेच. प्रथम तिघराच करावा, तोही निम्म्या वाटेपर्यंत. पुढच्या रविवारी उरलेला.

आणि उशीर करू नये. हे मार्ग शांत आहेत ते त्यांना अद्याप कोणी फारसे विचारीत नाही म्हणून. चाळीस वर्षांपूर्वी शहरालगतच्या ज्या रस्त्यांवर आम्ही सायकल शिकलो, त्यांवर आज सायकल नेण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. श्योपूरची ती अरुंद मापाची चिमुकली गाडी, जिच्याबरोबर शर्यत लावून आमच्या पिढीने गुडघे फोडून घेतले, ती २०२० साली थांबली ती कायमची. टेकड्यांच्या कुशीत दगड फोडण्याची यंत्रे बसतात, ओढ्यांच्या पात्रात भूखंडांच्या खुणांचे दगड रोवले जातात. ज्या घळीतून पाणी धरणाकडे जाते, ती बुजली तर रस्त्याचा गोंगाट ही फार लहान तक्रार ठरेल. हे मोटारीतून दिसत नाही. सायकलवरून दिसते, कारण त्या चढावर आपण उतरलेले असतो आणि श्वास घेण्यासाठी थांबलेले असतो.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण ग्वाल्हेरचे नाहीत, हे आम्ही जाणतो. पण प्रत्येक गावास आपला तिघरा असतोच. बडोदेकरांनी अजव्याच्या तलावाकडे जावे. सयाजीरावांच्या कारकीर्दीतील ते काम आहे. इंदूरकरांस यशवंतसागर आहे, आणि १९७८ पासून नळातून येणारी नर्मदा तर आहेच. हैदराबादच्या मंडळींना मुसी नदीवरील उस्मानसागर, बेळगावकरांना राकसकोप, तंजावरच्या आपल्या बांधवांना कावेरीवरील कल्लणै. सकाळी निघावे, पाय जड होतील त्या दिशेने जावे, आणि पाणी लागले म्हणजे थांबावे. गेल्यावर काय दिसले ते आम्हांस अवश्य लिहून कळवावे.

भाचा चार दिवसांसाठी आला होता. अकरा दिवस राहिला, आणि संक्रांतीस सुट्टी काढून पुन्हा आला. त्या दोन खेपांत हे तिन्ही मार्ग झाले. आता तो पुण्यास आहे. या ज्येष्ठात आमच्याकडे नळास एक दिवसाआड पाणी येत होते. एका रात्री त्याचा दूरध्वनी आला. खुशाली विचारून झाली, प्रकृती विचारून झाली, आणि मग त्याने विचारले, "मामा, तिघरा किती?"

आम्ही आकडा सांगितला; त्याने खडकवासल्याचा सांगितला. पाऊस दोन्हीकडे यावयाचा होता.